एका घरातल्या दोन गोळ्या

यवतमाळहून दारव्ह्याकडे जाताना रस्त्यापासून आत एक गाव आहे. त्या गावात एक मुलगा राहत होता. वय सत्तावीस. घरची सात एकर कोरडवाहू, त्यात पऱ्हाटी आणि तूर. कापसाच्या हंगामात तो यवतमाळच्या एका जिनिंगमध्ये काट्यावर बसून पावत्या लिहायचा.

गावचा न्हावी केस कापून झाले की अंगावरचं कापड झटकायचा आणि पुढच्याला बोलवायचा. डोक्यामागे आरसा धरायची त्याची पद्धत नव्हती. २०२४च्या दिवाळीआधी मुलाने पहिल्यांदाच यवतमाळच्या सलूनमध्ये केस कापले. तिथल्या पोऱ्याने काम झाल्यावर दुसरा आरसा मागे धरला, आणि मुलाला आपलं डोकं मागून दिसलं. टाळूवर पोह्याच्या बशीएवढी जागा विरळ झाली होती. वरच्या ट्यूबलाइटचा उजेड थेट कातडीवर पडत होता.

"बरोबर हाय न, भाऊ?" पोऱ्याने विचारलं.

तो कापणीबद्दल विचारत होता. मुलगा "हो" म्हणाला, पैसे दिले आणि गाडी काढली.

शेती करणाऱ्या मुलाला मुलगी मिळणं आमच्याकडे आधीच अवघड. बायोडाटात जमीन लिहितात, उंची लिहितात, जिनिंगमधलं काम "खाजगी नोकरी" म्हणून लिहितात. केसांचा रकाना त्यात नसतो, पण फोटो असतो. मुलाचा बाप तर पस्तिशीतच टकला झाला होता. पण त्याच्या डोक्याला सदा दुपट्टा गुंडाळलेला. त्या दुपट्ट्याखाली काय आहे याचा विचार घरात कधी कुणी केला नव्हता.

मुलाने कुणाला काही सांगितलं नाही. जिनिंगमधल्या एका मित्राच्या सांगण्यावरून मेडिकलमधून एक बाटली आणली. तिच्यावर मिनॉक्सिडिल असं लिहिलेलं होतं. सगळे झोपले की तो अंधारातच टाळूवर थेंब सोडायचा आणि तसाच पडून राहायचा. घरची मांजर नेहमीप्रमाणे त्याच्या उशीशी येऊन झोपायची.

तिसऱ्या आठवड्यात मोरीच्या जाळीत केसांचा पुंजका अडकला. उशीवरही केस. त्याने एका सकाळी बसून मोजले, एकशे बारा भरले. बाटली त्याने उकिरड्यावर फेकून दिली.

या मुलाने लहानपणापासून पऱ्हाटी पाहिली होती. पाऊस लांबला किंवा अती झाला की पातेगळ होते, झाडाखाली पात्यांचा सडा पडतो, आणि म्हणून कुणी झाड उपटत नाही, हे त्याला कुणी शिकवायला नको होतं. पण आपलं डोकं हे काही आपलं वावर नव्हे. तिथे माणूस वेगळा वागतो.

जानेवारीत आणखी एक बातमी आली. बुलढाणा जिल्ह्यातल्या शेगाव तालुक्यात काही गावांमध्ये लोकांचे केस एकाएकी गळू लागले. बाया, माणसं, लेकरं, कुणी सुटलं नाही. चार-सहा दिवसांत डोकी मोकळी. टीव्हीवर लोक केसांच्या बटा हाताने ओढून दाखवत होते. पाणी तपासलं गेलं, माती तपासली गेली. पुढे रेशनच्या गव्हातल्या सेलेनियमकडे बोट दाखवलं गेलं. पण आईला तेवढं थांबायला वेळ नव्हता. तिने मोरीत अडकलेले मुलाचे केस पाहिले होते. तिने त्याच्या आंघोळीला विहिरीचं पाणी बंद केलं आणि रोज टाकीचं पाणी उकळून देऊ लागली. मुलगा गप्प अंघोळ करायचा.

मग आठवडी बाजारात एक तेलवाला आला. त्याच्याकडे गुडघ्यापर्यंत केसांच्या बाईचा फोटो होता. आठशे रुपयांची बाटली. तेलाला वास चांगला होता, बाकी काही झालं नाही.

शेवटी मुलगा एका खाजगी डॉक्टरकडे गेला. दाराशी चाळीस माणसं बसली होती. डॉक्टरने त्याच्या टाळूकडे पाहिलं, चिठ्ठी लिहिली आणि पुढचा नंबर पुकारला. चिठ्ठीवर रोज एक गोळी होती. मुलाने पाकीट घेतलं. खाली बारीक अक्षरात लिहिलं होतं, फिनास्टेराइड १ मिलिग्रॅम.

"अबे, थे गोळी नको खाऊ," जिनिंगमधला मित्र म्हणाला. "माणूस कामातून जाते. लेकरूबाळ होत नाही."

मुलाने रात्री मोबाइलवर शोधलं. मित्राने सांगितलं त्याहून दहापट वाईट वाचायला मिळालं. त्याने पाकीट रजयांच्या पेटीत खाली सारलं. रोज रात्री बॅटरी लावून तो ते काढायचा, नाव वाचायचा आणि परत ठेवून द्यायचा. महिनाभर त्याने एकही गोळी खाल्ली नाही, आणि महिनाभर त्याला झोपही लागली नाही.

याच घरात आणखी एक माणूस रात्री जागा असायचा, तो म्हणजे त्याचा बाप. रात्री मधूनच दार वाजायचं. कुणी विचारलं तर बाप म्हणायचा, डुकरं आली का पाहून येतो. वावर घरापासून दीड किलोमीटर होतं, आणि बाप दोन मिनिटांत परत यायचा. हे कुणाच्या ध्यानात आलं नाही, किंवा आलं असेल तर कुणी बोललं नाही. बाप रोज संध्याकाळी एक गोळी घ्यायचा. ती बीपीची आहे, असं त्याने घरात सांगितलं होतं.

मार्चमध्ये बहीण पहिल्या बाळंतपणाला माहेरी आली. सातवा महिना. बापाला गोळी घशात अडकायची, म्हणून आल्या दिवसापासून तीच त्याला गोळी कुटून देऊ लागली. दोन चमच्यांच्या मध्ये गोळी ठेवायची, अंगठ्याने दाबायचं, कट्‌ असा आवाज यायचा. मग पांढरा भुगा, त्यात पाण्याचे चार थेंब. बोटाला लागलेला भुगा ती पदराला पुसायची.

एका संध्याकाळी लाइन गेली. "दादा, उजेड धर जरासा," ती म्हणाली.

मुलाने मोबाइलची बॅटरी धरली. उजेड चमच्यांवर पडला, तिथून पाकिटावर. आणि ती अक्षरं त्याला दिसली, जी त्याने महिनाभर रोज रात्री वाचली होती. नाव तेच. फक्त एकाच्या जागी पाच होता.

तो काही बोलला नाही. जेवला, झोपायला गेला आणि वाट पाहत पडला. रात्री दोनच्या सुमारास दार वाजलं. तो बापाच्या मागे अंगणात गेला. बाप भिंतीशी उभा होता, आणि बराच वेळ उभाच होता.

"बाबा," बाप वळल्यावर तो म्हणाला, "थे तुमची गोळी बीपीची नाही."

बाप बोलला नाही.

"मायाजवळही तेच हाय. केसासाठी देल्ली. तुम्हीही केसासाठीच खाता का?"

बापाने दुपट्टा सोडून आपल्या तुळतुळीत डोक्यावरून हात फिरवला. "मले पासष्टाव्या वर्षी केसं कायले पाहिजे, बाप्पा?" तो म्हणाला, आणि दोघेही एकदम हसले. आत मांजर दचकून उठली.

मग बाप पायरीवर बसला आणि हळूहळू बोलला. लघवीची धार लागत नव्हती. रात्री पाच-पाच डाव उठा लागे. यवतमाळच्या मोठ्या दवाखान्यात दाखवलं, गाठ वाढली म्हणाले, साधी आहे म्हणाले, गोळी दिली. सात-आठ महिने झाले. आता जरा बरं आहे. "पण असं लोकाईले काय सांगा?" तो म्हणाला. "तुया मायलेही नाही सांगतलं."

मुलानेही मग आपलं सांगितलं, आरशापासून पेटीपर्यंत सगळं. शेवटी जमिनीकडे पाहत विचारलं, "गोळीनं तुम्हाले दुसरं काही झालं नाही न?"

"झोप लागून राहिली जराशी," बाप म्हणाला. "चाल, परवा माह्यी तारीख हाय. तुयंही डोस्कं दाखवू."

वसंतराव नाईक शासकीय वैद्यकीय महाविद्यालयाला आमच्याकडे कुणी त्या नावाने ओळखत नाही. मोठा दवाखाना म्हणतात. बापलेक सकाळच्या एसटीने गेले, केसपेपर काढले, रांगेत उभे राहिले. बापाचं काम झाल्यावर त्वचारोगाच्या खोलीपुढे बसले. दुपार होता होता नंबर लागला.

खोलीत एक डॉक्टर मॅडम होत्या. त्यांनी मुलाला स्टुलावर बसवून टाळू पाहिली, कानशिलं पाहिली, चार केस धरून ओढून पाहिले. ताप येऊन गेला का, वजन घटलं का, जेवण कसं, झोप कशी, मन उदास राहतं का, असं विचारत गेल्या. मुलाने शेगावचं विचारलं. त्या म्हणाल्या, "तिथे बायकामुलांचेही गेले, दिवसांत गेले, आणि पुढे बहुतेकांचे उगवायलाही लागले. तुझं तसं नाही. तुझं हळूहळू चाललंय, टाळूवर आणि कानशिलांवर. हे घरातून आलेलं आहे, पाण्यातून नाही." बापाने आपोआप दुपट्टा सावरला.

"आधी एक ऐक," मॅडम म्हणाल्या. "टक्कल हा आजार नाही. काहीच न करणं हासुद्धा एक इलाज आहे, आणि तो फुकट आहे. करायचंच असेल तर नीट समजून कर."

बाटलीचं त्यांनी आधी सांगितलं. हे औषध मुळात रक्तदाबाची गोळी होती. ती खाणाऱ्यांच्या अंगावर केस वाढू लागले, तेव्हा कुणाच्या तरी ध्यानात आलं की हे डोक्याला लावून पाहावं. १९८८मध्ये अमेरिकेत ते टकलासाठी मंजूर झालं. लावायला लागल्यावर पहिल्या एक-दोन महिन्यांत केस जास्त गळतात, कारण विश्रांतीला आलेले जुने केस नव्याला जागा देतात. म्हणजे बाटली काम करू लागली नेमकी तेव्हाच मुलाने ती उकिरड्यावर टाकली होती. फरक दिसायला चार ते सहा महिने. आणि थांबवलं की काही महिन्यांत मिळवलेलं सगळं जातं.

"म्हणजे जलमभर?" बाप म्हणाला.

"जोवर केस हवे आहेत तोवर, काका. दरवर्षी पेरावं लागतं तसं." मग त्या मुलाकडे वळल्या. "घरात मांजर आहे का?"

मुलाला हसू आलं. मॅडम हसल्या नाहीत. हे औषध मांजराच्या पोटात गेलं तर थेंबभरानेही जीव जाऊ शकतो, असं त्या म्हणाल्या. औषध लावलेलं डोकं उशीवर, आणि ती उशी चाटणारी मांजर. मुलाचं हसू विरलं.

मग गोळीची गोष्ट निघाली. पुरुषाच्या शरीरात टेस्टोस्टेरॉनपासून आणखी एक तीव्र हार्मोन बनतं. उतारवयात त्याच्यामुळे प्रोस्टेटची गाठ वाढते, आणि ज्याच्या घराण्यात टक्कल आहे त्याच्या केसांची मुळं त्याच्यामुळेच बारीक होत जातात. बापाची गाठ आणि मुलाची टाळू एकाच विहिरीचं पाणी पीत होती. कॅरिबियन समुद्रातल्या डोमिनिकन प्रजासत्ताकात काही घराण्यांतल्या पुरुषांना हे हार्मोन जन्मतःच नीट बनत नसे. त्यांची प्रोस्टेट लहानच राही आणि त्यांना असं टक्कल पडत नसे. १९७४मध्ये शास्त्रज्ञांनी ते लिहून ठेवलं, आणि त्या वाटेने, हे हार्मोन बनणं रोखणारी ही गोळी निघाली. १९९२मध्ये पाच मिलिग्रॅमची गाठीसाठी, १९९७मध्ये एक मिलिग्रॅमची केसांसाठी.

"आता तुझ्या मित्राचं," मॅडम म्हणाल्या. "तो अगदीच खोटं बोलला नाही, आणि खरंही बोलला नाही." सुरुवातीच्या मोठ्या चाचण्यांत गोळी घेणाऱ्या शंभरांतल्या चारेक पुरुषांनी शरीरसंबंधाची काही ना काही तक्रार सांगितली. औषध नसलेली नुसती दिखाऊ गोळी घेणाऱ्या शंभरांतल्या दोघांनीही तशीच तक्रार केली. बहुतेकांची तक्रार गोळी थांबवल्यावर गेली. थांबवूनही ती राहिल्याचं सांगणारे काही आहेत, ते नाहीतच असं म्हणता येत नाही. वीर्य काहींचं कमी होतं, थांबवल्यावर सुधारतं. मन फार उदास झालं तर गोळी त्या दिवशीच थांबवून यायचं. (त्याच वर्षी मे महिन्यात युरोपच्या औषध नियामकाच्या समितीने आत्महत्येचे विचार हा या गोळीचा दुष्परिणाम असल्याची पुष्टी केली. मन कसं आहे हा प्रश्न मॅडमनी उगाच विचारला नव्हता.)

"इटलीत २००७मध्ये एक अभ्यास छापून आला," त्या पुढे म्हणाल्या. "गाठीसाठी हीच गोळी घेणारे पुरुष. निम्म्यांना दुष्परिणाम आधी सांगितले, निम्म्यांना नाही. सांगितलेल्यांत शंभरी चव्वेचाळीस जणांनी तक्रार केली, न सांगितलेल्यांत पंधरा जणांनी. भीतीसुद्धा गोळीसारखीच पोटात जाऊन काम करते. पण म्हणून मी लपवणार नाही. घेणारा तू आहेस."

बोलता बोलता बाप सहज म्हणाला की गोळी घशात अडकते, लेक कुटून देते.

मॅडमनी पेन खाली ठेवलं. "लेक? तिला दिवस तर नाहीत ना?"

खोलीत क्षणभर कुणी बोललं नाही.

अख्ख्या गोळीवर वेष्टण असतं, तिला हात लागला तर चालतं. पण फुटलेल्या गोळीचा भुगा गर्भार बाईच्या कातडीतून आत जाऊ शकतो, आणि पोटात मुलगा असेल तर त्याच्या वाढीला ते बाधू शकतं, असं मॅडमनी सांगितलं. महिने पुढे गेलेत, धोक्याचा काळ बराचसा मागे पडला आहे, घाबरू नका. पण आजपासून तिने पाकिटालाही हात लावायचा नाही, आणि तिच्या डॉक्टरच्या कानावर घाला. काकांनी गोळी कुटायची नाही, पाण्याबरोबर अख्खी गिळायची. पीएसए नावाची रक्ततपासणी झाली तर ही गोळी चालू असल्याचं सांगायचं, कारण तिच्यामुळे तो आकडा निम्मा दिसतो. आणि मुलाने गोळी सुरू केलीच, तर रक्तदान करायचं नाही, बंद केल्यावरही महिनाभर नाही. ते रक्त एखाद्या गर्भार बाईलाच चढायचं.

परतीच्या एसटीत बाप खिडकीशी बसला होता. बराच वेळ गप्प. मग म्हणाला, "सतरा सालात फवारणी करता करता माणसं गेली आपल्या जिल्ह्यातली. आठवते?"

मुलाला आठवत होतं. २०१७च्या त्या हंगामात यवतमाळ जिल्ह्यात वीसच्या आसपास शेतकरी आणि मजूर फवारणीच्या विषबाधेने गेले, शेकडो दवाखान्यात पडले. आमच्याकडे त्या विषालाही औषधच म्हणतात. पऱ्हाटी डोक्याच्या वर गेलेली, तोंडाला फडकं नाही, दोन-तीन औषधं एका पंपात मिसळलेली.

"तवा त्याले कोणी भ्यालंच नाही," बाप म्हणाला. "मीही नाही. उघड्या हातानं कालवलं म्या."

त्या घरात भीतीला तोटा नव्हता. मुलगा न खाल्लेल्या गोळीला भीत होता, आई विहिरीच्या पाण्याला, बाप लोकांच्या बोलण्याला. आणि ज्या दोन चमच्यांना भ्यायला हवं होतं, ते रोज संध्याकाळी सगळ्यांच्या देखत कट्‌ असा आवाज करत होते. बापाने "बीपीची" हा एक शब्द खोटा सांगितला नसता, तर ती गोळी त्या चमच्यांत कदाचित गेलीच नसती.

मुलाने बाटली निवडली. गोळी आत्ता नको म्हणाला. लग्न ठरलं तर जिच्याशी ठरेल तिला सांगून मग पाहू. तो रोज दोनदा औषध लावतो, ते सुकल्यावरच झोपतो, उशीची खोळ रोज बदलतो, आणि दाराला कडी लावतो म्हणून मांजर रुसली आहे. महिन्यातून एकदा बहीण घरातल्या एकाच खिडकीशी उभी राहून त्याच्या टाळूचा फोटो काढते. विरळ जागा होती तेवढीच आहे. त्या उन्हाळ्यात एक स्थळ येऊन गेलं. ते केसांवरून मोडलं नाही, कोरडवाहूवरून मोडलं.

बहिणीला मे महिन्यात मुलगा झाला. धडधाकट आहे.

आणि बाप आता पारावर बसून आपल्या रात्रींची गोष्ट मोठ्याने सांगतो, डुकरांसकट. पोळ्याच्या आत गावातले तिघे म्हातारे यवतमाळला जाऊन तपासून आले.